डबलबेल मावशी आणि शोकेसमधलं अंडं

डबलबेल मावशीला मी कधी धड बसलेली पाहिली नाही. जेवायची तीसुद्धा उभ्यानं. एका हातात ताटली धरून खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायची. आमच्या माडीवरच्या दोन खोल्यांत ती एकटीच भाड्यानं राहायची; मुलगा पुण्याला होता. खाली आई भाकरी थापत असली की वर स्लॅबवर तिच्या पावलांचा धपधप आवाज चालू असायचा. आई म्हणायची, "ही बाई बीडला बसनं जाती का चालत जाती?" एकदा मी म्हटलं, "मावशी, दोन घास बसून खा की." त्यावर म्हणाली, "बसलं की माणूस गंजतं गं. मला तर बसले की वाटतं, गाडी माझ्याबिगर गेली."

एसटीत ती कंडक्टर होती, पाटोद्याला. कागदोपत्री नाव शालिनी, पण ते गल्लीत कुणाच्या तोंडी नव्हतं. गाडी सोडायची झाली की कंडक्टर घंटीची दोरी दोनदा ओढतो, ती डबल बेल. मावशी ही डबल बेल गाडीबाहेरही द्यायची. आमच्या आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दुकानातून साबण घेतला की फळीवर दोन टिचक्या मारायची आणि "चला" म्हणून निघायची. नळावर बायकांचं भांडण रंगलं की बादलीवर दोन टिचक्या, "चला, झालं, आता घराकडं." कुणी तरी तिचं नावच डबलबेल पाडलं. ते तिच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही चिडणार. पण ती खूश झाली. म्हणाली, "बरं हाय की. शालिन्या लई हायत. डबलबेल मी एकलीच."

तिची दुसरी सवय म्हणजे कुणी लांबण लावलं की मध्येच विचारायचं, "तुमाला उतरायचंय कुठं?" आमचे आप्पा कुठलीही गोष्ट आजोबांपासून सुरू करतात. पाण्याची टाकी गळते एवढं सांगायचं असलं तरी ती टाकी कुणी बांधली, तो गवंडी कुठला, त्याची सोयरीक कुठं झाली, असं सगळं आल्याशिवाय टाकीला पाणी लागत नाही. घरात त्यांना कुणी अडवत नसे. मावशी मात्र खांद्याला पिशवी अडकवून, चपला पायात घालता घालता म्हणायची, "आप्पा, उतरायचं कुठं हाय ते आधी सांगा. माझी सव्वानऊची गाडी हाय." आणि आप्पा चक्क हसायचे.

आमचं घर लिंगायत वाण्याचं. पुढं किराणा दुकान, मागं घर, अंगणातून वर जाणारा जिना. घरात अंड्याचं नाव निघत नाही. मावशी लोखंडी पेटी आणि गॅसची शेगडी घेऊन राहायला आली त्या दिवशीच आप्पांनी तिला हे सांगितलं होतं, आजोबांना वगळून, एका वाक्यात. तीही तेवढंच सरळ बोलली. "मी ख्रिस्ती हाय. खाते सगळं. पर तुमच्या घरात आणणार न्हाई. शब्द दिला." तो तिनं पाळला. तोंडाला चव नसली की स्टँडसमोरच्या भुर्जीच्या गाड्यावर जायची, उभ्या उभ्या खायची, स्टँडच्या नळावर चूळ भरायची आणि मगच घरी यायची. आईनं सुरुवातीला महिनाभर तिच्यावर लक्ष ठेवलं. नंतर लक्ष ठेवायचं सुटलं आणि चटणी-लोणचं वर जायला लागलं. आईच्या थायरॉईडच्या गोळ्या, साडीला मिळता ब्लाऊजपीस, चांगला हिंग, असं जे पाटोद्यात मिळत नसे ते मावशी बीडहून आणायची. आई तिला "बाई" म्हणायची, ती आईला "वहिनी".

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. बीडला दोन वर्षं स्पर्धा परीक्षेचा क्लास केला. दोनदा परीक्षा दिली, दोनदा थोडक्यात गेली. मग आप्पा म्हणाले, घरी राहून अभ्यास कर. घरी राहून अभ्यास म्हणजे काय हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. पुस्तक उघडलं की आई हाक मारायची, पुस्तक मिटलं की मीच घड्याळ बघायची. चैत्राच्या दुपारी लाईट गेलेले, पत्रा तापलेला, दुकानात आप्पा पुठ्ठ्यानं वारा घेत बसलेले. मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. स्थळं यायला लागली होती. मुलीला स्थळ आलं की घरातली माणसं तिच्याशी जरा गोड बोलायला लागतात, त्याची मला भीती वाटायची. मावशी एकदा जिना उतरताना थांबली. "शिवे, तू मोटार सुरू करून ठिवलीस आन् गाडी जागची हालवीना. डिझेल जळतंय नुसतं." मी हसले. पण ती हसली नव्हती.

तिच्या अंड्यांची गोष्ट त्याच वर्षीची.

ईस्टर हा ख्रिस्ती लोकांचा सण. शुक्रवारी येशू वधस्तंभावर मेला आणि रविवारी थडग्यातून उठला, तो रविवार. मावशीचं माहेर परळीकडं, धर्मापुरीजवळच्या एका खेड्यात. तिथं पाच-सात ख्रिस्ती घरं आणि त्यांचं एक पत्र्याचं प्रार्थनाघर. तिची आई तरुणपणी एका मिशनच्या दवाखान्यात आया होती. तिथल्या एका परदेशी नर्सबाईकडून ती ईस्टरची अंडी रंगवायला शिकली. नर्सबाईकडं रंगाच्या पुड्या होत्या. मावशीच्या आईकडं नव्हत्या, म्हणून तिनं कांद्याची सालं, हळद, बीट आणि पळसाची फुलं यांवर भागवलं. दर वर्षी प्रार्थनाघरात लिंबाची डहाळी टांगायची आणि तिला ही रंगीत अंडी बांधायची, असा रिवाजच पडला. आई गेल्यावर ते काम मावशीकडं आलं. आमच्याकडं राहायला आल्यावर तीन वर्षं ती शुक्रवारीच गावी जायची, तिथंच रंगवायची. चौथ्या वर्षी लग्नसराई आणि जत्रा एकदम आल्या, ज्यादा गाड्या लागल्या आणि तिला रविवार सोडून रजा मिळेना.

ती दुकानात आली आणि पहिल्यांदाच तिला बोलायला वेळ लागला. फळीवर हात ठेवला, काढला, परत ठेवला.

"आप्पा, एक मागायचं हाय. न्हाई म्हणलात तरी राग न्हाई."

"बोला की."

"सणाची अंडी मला हितं रंगवावी लागत्याल. रविवारी पहिल्या गाडीनं घेऊन जाईन. पर आत काही ठेवणार न्हाई. बाहेरच रिकामी करून, धुऊन आणीन. नुसती टरफलं."

आप्पा विचारात पडले. मला वाटलं, आता आजोबा येणार. पण ते म्हणाले, "आत काही नसलं तर त्याला अंडं म्हणायचं का?"

"ते तुमी ठरवा," मावशी म्हणाली.

आप्पांनी दोन दिवस घेतले. आईचं म्हणणं एकच, टरफल म्हणजे अंडंच. "उद्या म्हणाल, कातडं म्हणजे बकरं न्हाई." तिसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाल्यावर कपाळावर ओली विभूती असतानाच आप्पा अंगणात आले आणि वर बघून म्हणाले, "बाई, माडीवरच ठेवा. जिन्याच्या खाली येऊ देऊ नका." मावशी दात घासत कठड्याशी फेऱ्या मारत होती. तिनं तसंच तोंडात ब्रश ठेवून दोन्ही हात जोडले.

आईला हे पटलं नव्हतं. पण कांद्याच्या पोत्याच्या तळाशी पडलेली सालं तिनंच पिशवीत भरून वर पाठवली.

अंडी रिकामी करायचा कार्यक्रम भुर्जीच्या गाड्यावर झाला. मी भाजीच्या निमित्तानं बघायला गेले होते. गाडीवाल्या भाईला मावशीनं आधीच पटवलं होतं: अंडी त्याची, आतला माल त्याचा, फक्त फोडायची मावशीनं. खाकी कोट घालून, दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, ती जाड सुईनं अंड्याला वर एक आणि खाली एक भोक पाडत होती. वरच्या भोकाला नवी कोरी सिरिंज लावून हवा सोडली की खालून पिवळं-पांढरं सगळं भाईच्या वाडग्यात. चार गिऱ्हाइकं उभी होती. भाई वैतागला. "बाई, मी एका हातानं दोन अंडी फोडतो. तुमी एका अंड्याला इंजेक्शन देत बसता. गिऱ्हाईक पळंल माझं."

"पळू दे. पाच मिनिटांनी माझ्याच गाडीत चढंल," मावशी म्हणाली.

अठरा टरफलं तिनं तिथंच धुतली, जेवणाच्या डब्यात कापूस घालून ठेवली आणि बीडची फेरी मारून आली. त्या फेरीत दोन फुटली. ती म्हणाली, "ड्रायव्हर नवीन हाय, खड्डा सोडत न्हाई."

शुक्रवारी संध्याकाळी मी वर गेले. तिला उपास होता. शेगडीवर कांद्याची सालं उकळत होती आणि खोलीभर गोडसर, मातीसारखा वास पसरला होता. रिकामं टरफल रंगाच्या पाण्यात बुडत नाही, तरंगतं. चमच्यानं दाबून धरावं लागतं, आत पाणी शिरेपर्यंत आणि मग रंग चढेपर्यंत. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. डबलबेल मावशीला पंधरा मिनिटं एका जागी चमचा धरून उभं राहणं म्हणजे शिक्षाच. ती डावा पाय, उजवा पाय करायची, खिडकीतून स्टँडकडं बघायची, एखादी गाडी लागली की नंबर सांगायची. शेवटी चमचा माझ्या हातात दिला. "धर. मला हे जमत न्हाई. आई माझी घंटाभर धरायची, तोंडानं गाणं म्हणत."

मग तिनं मला सगळं दाखवलं. मेणबत्तीचं टोक जरा गरम करून अंड्यावर रेघ ओढायची. मेण लागलं तिथं रंग चढत नाही. कोथिंबिरीचं पान ओलं करून टरफलाला चिकटवायचं, वर जुन्या मोज्याचा तुकडा घट्ट बांधायचा आणि बुडवायचं. काढल्यावर पानाचा ठसा पांढरा राहतो, शिरांसकट. मोजे तिचे ड्युटीचेच होते. कांद्याच्या सालांनी विटकरी रंग आला, बिटानं फिकट गुलाबी, पळसानं असा नारिंगी की मी ते अंडं खिडकीशी धरून बघतच राहिले. मावशीच्या रेघा मात्र सगळ्या वाकड्या होत्या. ती चालत चालत काढायची. चालत्या गाडीत लिहिलेल्या अक्षरासारख्या दिसायच्या त्या रेघा. मी म्हटलं, "मावशी, जरा टेकून काढा ना." म्हणाली, "वाकड्या ऱ्हाऊ दे. आमच्या प्रार्थनाघरात सगळ्यांना ठावं हाय, ही शालनची अंडी हायत. सरळ निघाली तर म्हणत्याल इकत आणली."

मी एक अंडं केलं. हळदीचं पिवळं, त्यावर कोथिंबिरीचं एक पान. दोन वर्षांत मी हातानं पूर्ण केलेली ती पहिली गोष्ट असावी. मी ते तळहातावर घेऊन किती तरी वेळ बसले होते. बसले होते, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मला बघायला पाहुणे यायचे होते.

स्थळ लातूरकडचं होतं. मुलाचं मशिनरीचं दुकान, घरचं शेत, एकुलता एक. मुलात काहीच वाईट नव्हतं आणि तीच अडचण होती. नाही म्हणायला काही सापडत नव्हतं. मला फक्त अजून एकदा परीक्षा द्यायची होती, आणि हे वाक्य मी मनात शंभर वेळा म्हटलं होतं. आई पोह्यांना कांदा चिरत होती तेव्हा मी दोनदा तिच्यामागं जाऊन उभी राहिले. एकदा तिनं वळून विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "काही नाही. खोबरं किसू का?"

मग मी वर गेले. मावशी पाचच्या गाडीची तयारी करत होती, तिची पाठ माझ्याकडं होती. ताटलीत वाळायला ठेवलेलं माझं पिवळं अंडं मी उचललं, ओढणीत धरलं आणि खाली आणलं. पुढच्या खोलीत काचेचं शोकेस आहे. त्यात चिनीमातीचे दोन पोपट, आप्पांना व्यापारी संघानं दिलेली ढाल आणि मामांनी आणलेली लाकडी बैलगाडी होती. पोपटांच्या मध्ये मी ते ठेवलं. त्या क्षणी माझ्या मनात काय होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. सुंदर होतं म्हणून ठेवलं, असं मी पुढं कित्येक महिने स्वतःला सांगितलं.

पाहुणे चार वाजता आले. मुलगा, त्याचे वडील आणि वडिलांची आत्या. आत्याबाई सत्तरीच्या, कपाळभर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, नजर तेज. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले, नमस्कार केला, शिक्षण सांगितलं. मुलाच्या वडिलांनी आप्पांना धंद्याचं विचारलं आणि आप्पांनी आजोबांपासून सुरुवात केली. आत्याबाई उठून शोकेस बघायला लागल्या. काच सरकवली. मी रिकामा ट्रे उचलून भिंतीशी सरकले.

"हे काय हाय वो? लई गोड केलंय पान," म्हणत त्यांनी ते हातात घेतलं.

आई पुढं झाली. तिनं अंड्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "लाकडाचं हाय. जत्रेत घेतलं होतं."

"हलकं हाय लई," आत्याबाई म्हणाल्या आणि किती हलकं आहे ते बघायला त्यांनी मूठ जराशी आवळली.

अगदी बारीक आवाज झाला. आत्याबाईंनी मूठ उघडली. तळव्यावर पिवळे तुकडे आणि त्यांना धरून राहिलेला पातळ पांढरा पापुद्रा. त्यांनी हात नाकाजवळ नेला. आप्पांची गोष्ट कुठल्याशा आजोबापाशी थांबली होती.

"अंडं हाय हे," आत्याबाई म्हणाल्या.

दारात मावशी उभी होती. ड्युटीवर निघालेली, खाकी कोट, खांद्याला कातडी पिशवी. जिन्यावरून उतरताना तिला सगळं दिसलं असणार. ती चपला काढून आत आली. घरात पाहुणे असताना ती कधी आत येत नसे.

"माझं हाय ते," ती म्हणाली. "मी वरची भाडेकरी. उद्या आमचा सण हाय. मी ठिवलं आन् विसरले. ह्या मान्सांचा काही दोष न्हाई, ह्यांनी मला बजावलं होतं."

आई तिच्याकडं बघत राहिली. आप्पा जमिनीकडं. मी भिंतीला टेकून उभी होते, ट्रे छातीशी धरून. मला बोलायचं होतं, असं मी म्हणणार नाही. मला फक्त तिथून नाहीसं व्हायचं होतं.

आत्याबाईंनी पाणी मागितलं, अंगणात जाऊन तीनदा हात धुतला आणि पाहुणे उठले. पोहे तसेच राहिले. सोमवारी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका महिन्यापूर्वीच जुळली होती.

पण त्याआधीच, शनिवारी रात्री मावशी ड्युटीवरून परत आली तेव्हा आई जिन्याखाली उभी होती. "बाई, महिनाअखेरीला खोल्या मोकळ्या करा."

मावशीनं वाद घातला नाही, विचारलंही नाही. "महिना कशाला वहिनी, परवाच करते," म्हणाली आणि वर गेली. त्या रात्री स्लॅबवर पावलं वाजली नाहीत. रविवारी पहाटेच्या गाडीनं ती पंधरा अंडी घेऊन गेली, सोमवारी परत आली आणि छोटा हत्ती टेम्पो बोलावून सामान भरायला लागली.

मी मदतीला गेले. कुणी पाठवलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. पेटी आम्ही दोघींनी धरून उतरवली. टेम्पोपाशी ती थांबली, कमरेवर हात ठेवले आणि पहिल्यांदाच मला तिचा आवाज चढलेला ऐकू आला.

"पिवळं तूच नेलंस. मला ठावं हाय. कावून ठिवलंस तिथं?"

मी म्हटलं, "सुंदर होतं म्हणून."

"शिवे, मला उल्लू नको बनवू. कुठं उतरायचं होतं तुला?"

मग मी रडायला लागले. म्हटलं, "मला ते लग्न नको होतं."

"मग तसं म्हणायचं. तोंड हाय की देवानं दिलेलं. तुझे आप्पा काय वाघ हायत? माझ्या आईच्या सणाचं अंडं घेऊन तू तुझी सोयरीक मोडलीस. चार सालं मी ह्या घरात शब्द पाळला, आन् शेवटी माझ्याच तोंडानं खोटं बोलून तो मोडून चालले." ती श्वास घ्यायला थांबली. "पुढच्या बारीला काही ठिवू नको कुठं. तोंड उघड."

ती ड्रायव्हरशेजारी बसली. टेम्पो वळला. मी वाट बघत राहिले की ती मागं बघेल. तिनं बघितलं नाही.

पुढचे काही महिने माझे फार वाईट गेले. माडी रिकामी होती आणि त्या शांततेत मला अभ्यास व्हायला हवा होता, पण तो आणखीच होईना. मावशीनं बदली मागून घेतली होती, परळीकडं. आईच्या गोळ्या आता मेडिकलवाला मागवून द्यायचा, त्या वेळेवर येत नसत. आई एकदा चिडून म्हणाली, "बाई असती तर..." आणि पुढचं गिळलं. दसऱ्यानंतर दुसरं स्थळ आलं. आप्पा फोनवर दिवस ठरवत होते. मी दुकानात गेले, दोन गिऱ्हाइकं उभी होती, तरी म्हणाले, "आप्पा, मला आत्ता लग्न करायचं नाही. मला एकदा परीक्षा देऊ द्या. आणि ते अंडं मी ठेवलं होतं, मावशीनं नाही."

एका दमात म्हणाले. गिऱ्हाइकं माझ्याकडं आणि आप्पांकडं बघत राहिली. आप्पांनी फोन खाली ठेवला. ते माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत, पण पलीकडच्यांना पुन्हा फोनही केला नाही.

मग मी आईला सांगायला गेले. ती शेंगा फोडत बसली होती. ऐकून घेतलं, हात थांबला नाही.

"मला ठावं होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"तवापासूनच. शोकेसची काच मी सकाळी पुसली होती. आन् बाई काय माझ्या शोकेसमधी हात घालंल?"

"मग तिला का घालवलीस आई?"

आईनं टरफलं पदरातून झटकली. म्हणाली, "गावात बोभाटा होणारच होता, वाण्याच्या घरात अंडी निघाली म्हणून. कुणाला तरी घालवावंच लागत होतं. तुला घालवून कुठं पाठवणार होते मी?"

मी तिच्यासमोर बसले आणि शेंगा फोडायला लागले.

तिसऱ्या खेपेला परीक्षा निघाली. फार मोठी नाही, पण नोकरी लागली, बीडला, सरकारी कचेरीत. पहिल्या सुट्टीला मी परळीला गेले. स्टँडवर चौकशी केली तर मावशी दोन फेऱ्यांच्या मध्ये भेटली. डोक्यावरचे केस बरेच पांढरे झाले होते. मी पेढे दिले, तिनं एक तोंडात टाकला. मी म्हटलं, "मावशी, त्या दिवसाचं..." ती म्हणाली, "कचेरीत बसून काम हाय का उभ्यानं?" मी म्हटलं, "बसून." "मग दर घंट्याला उठत जा." मी पुन्हा म्हटलं, "मावशी, माझं चुकलं." तिनं माझ्याकडं एकदा नीट बघितलं, खांद्यावरची पिशवी सावरली आणि म्हणाली, "गाडी लागली माझी." सहा मिनिटं झाली असतील. मी दोन तास प्रवास करून आले होते. तिनं माफ केलं की नाही ते मला कळलं नाही.

त्यानंतर आई मावशीकडं जाऊन आली. मला न सांगता, आप्पांना फक्त "बहिणीकडं जाऊन येते" म्हणून. आयुष्यात कधी एकटी पाटोद्याबाहेर न पडलेली माझी आई दोन गाड्या बदलून त्या खेड्यात पोचली, आणि तीही ईस्टरच्या रविवारी. आप्पांना हे ती परतल्यावर कळलं आणि मला त्यांच्याकडून. तिथं काय झालं, काय बोलणं झालं, आई काय म्हणाली, मावशीनं काय उत्तर दिलं, हे दोघींनीही आजवर मला सांगितलेलं नाही. मी विचारलं तर आई म्हणते, "तुला काय करायचंय?" मावशी म्हणते, "तुझ्या आईला विचार." एवढंच कळलं की आई त्या दिवशी परत आली नाही, सोमवारी आली.

मावशी आता निवृत्त झाली. गुडघे दुखतात. मुलगा पुण्याला बोलावतो, ती जात नाही. म्हणते, तिथं गाड्या लई पण ओळखीची एक न्हाई. दर रविवारी संध्याकाळी मला तिच्याशी बोलावंसं वाटतं. मी फोन लावते. फोन बिझी असतो. मग मी आईला लावते. तोही बिझी असतो. पाऊण तासानं आईचा लागतो, आणि मी विचारते, "झालं का तुमचं दोघींचं? आता मी करू का तिला?"

आई म्हणते, "थांब जरा. अजून माझं एक सांगायचं ऱ्हायलंय."